चौदा फ्लॉप्या आणि तेविसावी विहीर

गुरुजींनी तालुक्याचा इतिहास लिहिला तो फुलस्केप कागदांवर, हातानं. गावातल्या छापखान्यात तो पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरवर बसला १९९८ साली. पुस्तक निघालं, प्रती संपल्या, पुढं गुरुजी गेले. २०२३च्या पावसाळ्यानंतर त्यांच्या मुलीनं दुसरी आवृत्ती काढायचं मनावर घेतलं, तेव्हा छापखान्याच्या मालकांनी माळ्यावरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढून दिला. आत सतरा फ्लॉप्या. चौदांवर निळ्या बॉलपेननं ‘इतिहास अंतिम’ आणि पुढं १/१४, २/१४ असे आकडे. उरलेल्या तिघींवर ‘इतिहास कच्चा’, १/४ ते ३/४. कच्च्याची चौथी फ्लॉपी डब्यात नव्हती, माळ्यावर नव्हती, कुठंच नव्हती.

जुने संगणक दुरुस्त करणं हा माझा धंदा, म्हणून डबा माझ्याकडे आला. पण त्याआधी दोन दिवस छापखान्यातल्या ऑपरेटरनं त्यावर हात चालवला होता, आणि बरंचसं प्रकरण त्या दोन दिवसांतच घडून गेलं होतं.

यंत्राबद्दल आधी सांगतो. पेंटियम, ३२ एमबी रॅम, विंडोज ९८, दोन जीबीच्या आसपासची हार्ड डिस्क. ते अजून चालू ठेवण्याचं कारण एकच: प्रिंटरच्या पोर्टला लावलेलं मराठी फॉन्टचं कुलूप, म्हणजे डोंगल. ते लावल्याशिवाय फॉन्टचं सॉफ्टवेअर उघडत नाही आणि नव्या संगणकाला ते पोर्टच नसतं. रोज सकाळी यंत्र सुरू करताना काळ्या पडद्यावर काहीतरी इंग्रजी तक्रार यायची आणि ‘एफ १’ दाबलं की पुढं जायचं. ऑपरेटरच्या बोटाला त्याची सवय झाली होती. मीही पहिल्या दिवशी ते पाहिलं आणि सोडून दिलं. ते महागात पडलं, पण ते पुढं.

पहिले दोन दिवस

‘कच्चा’ संचातल्या तिन्ही फ्लॉप्यांवर एकाच नावाची फाइल होती, इतिहास.झिप. झिप म्हणजे दाबून एकत्र बांधलेल्या फाइलींचं गाठोडं, संगणकाच्या भाषेत आर्काइव्ह. ऑपरेटरनं पहिली फ्लॉपी हार्ड डिस्कवरच्या फोल्डरमध्ये कॉपी केली, मग दुसरी. विंडोजनं विचारलं, या नावाची फाइल आहे, बदलू का? त्यानं ‘होय’ दाबलं. तिसरीलाही ‘होय’. शेवटी फोल्डरमध्ये राहिली फक्त तिसऱ्या फ्लॉपीची फाइल, आणि ती उघडेना.

यात त्याची चूक फारशी नाही. पीकेझिपची रीतच अशी. फिल कॅट्झच्या पीकेवेअर कंपनीचा हा प्रोग्राम १९८९चा. एकच झिप अनेक फ्लॉप्यांवर पसरवायची सोय त्यात आली १९९३च्या सुमाराला, २.०४ या आवृत्तीत. त्यात प्रत्येक फ्लॉपीवर फाइलचं नाव तेच राहतं. कितवी फ्लॉपी हे लिहिलेलं असतं ते फ्लॉपीच्या व्हॉल्यूम लेबलमध्ये, म्हणजे खुद्द फ्लॉपीला दिलेल्या नावात, ‘पीकेबॅक’ आणि पुढं ००१, ००२ असा आकडा. फाइल कॉपी केली की लेबल फ्लॉपीवरच राहतं. मूळ फ्लॉप्या शाबूत होत्या म्हणून निभावलं.

‘अंतिम’ संच होता एआरजेचा. रॉबर्ट जंग यांचा हा प्रोग्राम १९९०च्या दशकातला, फ्लॉप्यांवर कापून भरण्यासाठी लोक तो वापरत. त्याचे तुकडे नावानंच वेगळे पडतात: पहिला इतिहास.एआरजे, दुसऱ्याच्या नावाचं शेपूट ए०१, तिसऱ्याच्या ए०२, असं ए१३पर्यंत. इथं नावांची टक्कर नाही. पण यंत्रावर होतं विनझिप, आणि ते एआरजे स्वतः उघडत नाही. मूळ एआरजे प्रोग्राम संगणकावर असेल तर त्याच्याकडून काम करून घेतं. तो प्रोग्राम यंत्रावर राहिला नव्हता. मग ऑपरेटरनं कुठंतरी शिकलेली युक्ती लावली: डॉसच्या कॉपी आज्ञेनं सगळे तुकडे एकामागोमाग जोडून एकच मोठी फाइल. ती युक्ती झिपच्या संचाला लागू पडली असती. एआरजेला पडत नाही, कारण एआरजेचा प्रत्येक तुकडा हा स्वतंत्र आर्काइव्ह असतो. त्याला स्वतःचं डोकं, स्वतःचं शेपूट. चौदा तुकडे नुसते चिकटवले तर पहिल्याचं शेपूट आलं की प्रोग्राम समजतो, संपलं.

तिथंही नुकसान नव्हतं. नुकसान झालं सातव्या फ्लॉपीला. ती वाचताना ड्राइव्ह खरखरायला लागला, ‘वाचता येत नाही’ असा निरोप आला, आणि त्यानं पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा. त्याच्याच अंदाजानं पंचवीस-तीस वेळा.

बुरशी

सातवी फ्लॉपी हातात घेतली, पत्र्याचं झाकण सरकवलं, मागची चकती बोटानं हळूहळू फिरवली. काळ्या चकतीवर पांढुरके ठिपके, आणि ठिपक्यांमधून गेलेली एक बारीक चकचकीत वर्तुळाकार रेघ. ठिपके म्हणजे बुरशी. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या दमट हवेत बंद डब्यातल्या फ्लॉपीला ती हमखास धरते. आणि रेघ म्हणजे ड्राइव्हच्या हेडनं, चकती वाचणाऱ्या टोकानं, खरवडलेला थर. बुरशी हेडला चिकटते, तिच्यासकट हेड चकतीवर घासत राहतं, आणि एकाच जागी पंचवीसदा प्रयत्न केला की चुंबकीय थरच उतरतो. वर तोच घाण हेड पुढच्या फ्लॉपीवर चालतो. म्हणजे एक नासकी फ्लॉपी घालून ड्राइव्ह तसाच वापरत राहिलात तर चांगल्या फ्लॉप्याही हातच्या जातात.

सतराही फ्लॉप्या अशाच उजेडात धरून पाहिल्या. पाचांवर ठिपके होते. त्या बाजूला काढल्या. आधी बाकीच्या बारा, मग त्या पाच, आणि त्या पाचांत सातवी सर्वांत शेवटी. ठिपक्यांच्या फ्लॉप्या आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीनं, चकती फिरवत फिरवत पुसल्या. प्रत्येकीनंतर ड्राइव्हचं हेड पुसलं. काम कंटाळवाणं आहे, पण या सगळ्या प्रकरणात ज्यामुळं खरोखर फरक पडला ते हेच.

वाचन जुन्या यंत्रावर केलंच नाही. माझ्या दुकानात एक जुना डेस्कटॉप आहे, त्याला खरा फ्लॉपी ड्राइव्ह आणि लिनक्स. यूएसबीचे फ्लॉपी ड्राइव्ह मिळतात, पण खराब सेक्टरपुढं, म्हणजे फ्लॉपीवरच्या बिघडलेल्या कप्प्यापुढं, ते लवकर हात टेकतात, असा माझा अनुभव आहे. लिनक्सवर डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम फ्लॉपीची जशीच्या तशी प्रतिमा काढतो. आधी सोपं सोपं वाचून घेतो, अवघड जागा टाळून पुढं जातो, कुठले सेक्टर राहिले याची नोंद ठेवतो, आणि नंतर फक्त त्यांच्याकडे परत येतो. फ्लॉपीवर ५१२ बाइटचे २,८८० सेक्टर असतात. सोळा फ्लॉप्यांचे सगळेच्या सगळे आले. सातवीचे अकरा राहिले.

मग दुसरा ड्राइव्ह जोडला. दोन ड्राइव्हची हेडं केसभर इकडंतिकडं असतात, आणि एकाला न दिसलेलं दुसऱ्याला कधीकधी दिसतं. नोंदवही तीच दिली, त्यामुळं त्यानं फक्त त्या अकरा जागा चाचपल्या. सात आल्या. चार राहिल्या, म्हणजे २,०४८ बाइट. रेघ होती तिथलेच. तिसरा ड्राइव्ह लावून पाहिला नाही. थर उतरलाय हे डोळ्यांनी दिसत होतं.

दोन हजार बाइट कुणाचे

गुरुजींच्या मुलगी, आमच्या बाई, दुकानात आल्या होत्या. “दादा, एक फ्लॉपी गेली म्हणजे सगळं गेलं का?” त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की आर्काइव्हचा एक तुकडा खराब झाला की सगळं मुसळ केरात.

कधीकधी ते खरंही असतं. रार प्रोग्राममध्ये ‘सॉलिड’ नावाची पद्धत आहे. सगळ्या फाइली एकच लांब धागा समजून दाबायच्या. जागा चांगलीच वाचते, पण मध्ये धागा तुटला की त्यापुढच्या फाइली हाती लागणं मुश्कील. उलट रारमध्ये दुरुस्तीची जादा नोंद घालून ठेवायचीही सोय आहे, पण ती भरताना मागावी लागते. आमचा संच एआरजेचा, आणि एआरजे प्रत्येक फाइल वेगळी दाबतं, प्रत्येकीपुढं तिचं नाव, आकार आणि सीआरसीची बेरीज, म्हणजे फाइल शाबूत आहे का ते ताडून पाहायचा आकडा, लिहितं. फाइल दोन फ्लॉप्यांत विभागली गेली तरी दुसऱ्या तुकड्यातला भाग आपल्या स्वतंत्र नोंदीनं सुरू होतो. म्हणजे ज्या फाइलवर ते चार सेक्टर पडले असतील तिचंच काय ते नुकसान.

चौदा प्रतिमांमधून चौदा तुकडे एका फोल्डरमध्ये काढले आणि लिनक्सवरच्या एआरजेला नुसती तपासणीची आज्ञा दिली. काढायचं काही नाही, बेरजा जुळतात का तेवढंच बघायचं. ही सवय सगळ्यांनी लावून घ्यावी असं माझं मत आहे. सहा तुकडे हिरवेगार. सातव्यात दोन फाइलींवर सीआरसी चुकली. एक देवळाच्या छायाचित्राचं टिफ आणि एक प्रकरण नववं. पुढं आठव्यापासून चौदाव्यापर्यंत सगळं पुन्हा ठीक.

छायाचित्राची मूळ प्रत बाईंच्या अल्बममध्ये होती, ती पुन्हा स्कॅन झाली. प्रश्न उरला नवव्या प्रकरणाचा. सीआरसी काहीतरी बिघडलंय एवढंच सांगते, दुरुस्त करत नाही. आणि दाबलेल्या मजकुरात एक बाइट चुकला की प्रकरण तेवढ्यावर थांबत नाही. ही दाबण्याची पद्धत मुळात लेम्पेल आणि झिव यांच्या १९७७च्या कल्पनेवर उभी आहे: आधी आलेला मजकूर पुन्हा लिहायचा नाही, ‘इतकं मागं जा, तिथली इतकी अक्षरं घे’ एवढंच टिपायचं. मागचं चुकलं की त्याकडे बोट दाखवणारं पुढचंही चुकतं. त्यावर हफमनची संकेतपद्धत, जिच्यात सारखं येणाऱ्या अक्षराला आखूड संकेत आणि क्वचित येणाऱ्याला लांब. एक बिट सरकला की शब्द कुठं सुरू होतो तेच कळेनासं होतं. नवव्या प्रकरणाचा साधारण पहिला दोनतृतीयांश भाग सुखरूप निघाला. पुढं चिखल.

आता ती कच्ची झिप कामाला आली.

झिपची अनुक्रमणिका फाइलच्या अगदी शेवटी असते. पसरवलेल्या संचात ती शेवटच्या फ्लॉपीवर जाते, म्हणूनच पीकेझिप उघडताना आधी शेवटची फ्लॉपी मागतं. आमची शेवटची गहाळ. पण अनुक्रमणिका फाडली तरी पुस्तकातल्या प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर त्याचं नाव असतंच ना, तसं झिपमध्येही प्रत्येक फाइलच्या आधी एक छोटी नोंद असते, ‘पी’ आणि ‘के’ या कॅट्झच्या आद्याक्षरांनी सुरू होणारी. तिन्ही फ्लॉप्यांच्या फाइलींना वेगवेगळी नावं दिली, क्रमानं जोडल्या (इथं ऑपरेटरची युक्ती बिनचूक लागू पडली, झिप नुसती कापलेली असते) आणि इन्फो-झिपच्या झिप प्रोग्रामला दुप्पट ‘एफ’चा स्विच दिला. तो फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळतो, ‘पीके’च्या खुणा शोधतो आणि नवी अनुक्रमणिका बांधतो. चौथ्या फ्लॉपीवरचं गेलं ते गेलंच. पण नववं प्रकरण दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्लॉपीच्या सांध्यावर होतं, आणि सीआरसीसकट पूर्ण आलं.

“सगळं इंग्रजी दिसतंय”

निघालेल्या फाइलींपैकी साधा मजकूर बाईंनी घरी लॅपटॉपवर उघडला आणि रात्री फोन केला, सगळं खराब झालंय, इंग्रजी अक्षरांचा नुसता काला दिसतोय.

खराब काहीच नव्हतं. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना स्वतःचे आकडे देणारी आजची पद्धत, येण्याआधीचे आपले छपाईचे फॉन्ट देवनागरीची आकृती इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवत. फॉन्ट असेल तर मराठी, नसेल तर काला. सीआरसी जुळली आहे म्हणजे १९९८ साली भरलेला प्रत्येक बाइट तसाच बाहेर आलाय, आणि उरलेला प्रश्न फॉन्टचा, हे त्यांना पटायला एक दिवस लागला. जुळलेल्या सीआरसीचा खरा उपयोग मला इथं वाटतो. कुठं शोधायचं नाही ते ती सांगते. युनिकोडमध्ये बदलताना पहिली वेलांटी आणि रफार यांनी अपेक्षेप्रमाणं छळलं, कारण जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी टंकलेली असते आणि रफार नंतर. पण ते वेगळं पुराण.

परतीचा प्रवास

दुसरी आवृत्ती त्याच यंत्रावर, त्याच पेजमेकरमध्ये दुरुस्त करायची असं ठरलं. मांडणी तयार होती, नव्यानं बसवायचा खर्च कुणाला नको होता. म्हणजे सगळं पुन्हा विंडोज ९८वर न्यायचं.

बाईंचा पुण्यातला मुलगा हुशार. त्यानं सगळं सेव्हन-झिपमध्ये ‘अल्ट्रा’ पातळीवर दाबून दिलं. सुंदर लहान फाइल झाली. पण त्या पातळीवर निदान ६४ एमबीचा शब्दकोश, म्हणजे मागचा मजकूर लक्षात ठेवायची जागा, वापरला जातो, आणि उघडतानाही तेवढा सगळा स्मृतीत मांडावा लागतो. आमच्याकडे रॅमच ३२ एमबी. मी सेव्हन-झिप टाकून पाहिलं. हार्ड डिस्कचा दिवा लागला तो लागलाच, जेवून आलो तरी बिचारी घासतच होती. मग त्यानं रार पाठवलं. २०१३पासूनच्या विनरारमध्ये आलेली ती रार-५ पद्धत जुन्या विनरारला ओळखूच येत नाही. शेवटी झिप पाठवली, ती उघडली, पण फाइलींची नावं त्यानं हौसेनं देवनागरीत दिली होती आणि यंत्रावर ती नुसत्या खुणा होऊन उतरली. पेजमेकरला त्यातलं एकही चित्र सापडेना.

मी साधी झिप केली. नेहमीची डिफ्लेट पद्धत, इंग्रजी नावं, आठ अक्षरं आणि तीन अक्षरांचं शेपूट, १९९८ साली होती तश्शी. ती सीडीवर जाळली. मालक म्हणाले, सीडीवर ७०० एमबी जागा असताना दाबता कशाला? रास्त प्रश्न. दाबण्यासाठी झिप केलीच नव्हती. सीडीवरून सरळ कॉपी केलेल्या फाइली विंडोज ९८वर ‘फक्त वाचा’ अशी खूण घेऊन उतरतात आणि पेजमेकर त्यात बदल जतन करू देत नाही. झिपमधून काढलेल्या फाइलींना ती खूण लागत नाही, तारखा जागच्या जागी राहतात, आणि सीडी नीट वाचली गेली की नाही हे सीआरसी सांगते. जुन्या यंत्राशी व्यवहार करताना झिपचा उपयोग मी बहुतेक वेळा पिशवी म्हणून करतो.

एफ १

काम सुरू झालं. ऑपरेटर रोज संध्याकाळी त्याची जुनी बॅच फाइल चालवायचा. ती पीकेझिपच्या ‘अपडेट’ आज्ञेनं दिवसभरात बदललेल्या फाइली आर्काइव्हमध्ये घालायची. शिस्त उत्तम. चौथ्या दिवशी दुपारी वीज गेली, उघडं असलेलं चौथं प्रकरण बिघडलं. हरकत नाही म्हणून त्यानं आदल्या संध्याकाळच्या आर्काइव्हमधून ते काढलं. आलं ते १९९८चं प्रकरण. तीन दिवसांची एकही दुरुस्ती त्यात नव्हती.

मदरबोर्डवरचा सेल संपला होता. रोज सकाळी यंत्राचं घड्याळ १ जानेवारी १९८०वर जायचं, आणि काळ्या पडद्यावरची ती तक्रार त्याचीच होती. आज दुरुस्त केलेल्या फाइलीवर तारीख पडायची १९८०ची. ‘अपडेट’ तारखा ताडून पाहतं: आर्काइव्हमधली फाइल १९९८ची, डिस्कवरची १९८०ची, म्हणजे आर्काइव्हमधलीच नवी, बदलायची गरज नाही. प्रोग्राम सांगितलं तेच इमानानं करत होता. चूक माझी. पहिल्या दिवशी ‘एफ १’ दाबताना मी तिथंच उभा होतो, आणि नंतर परतीची झिप ‘तारखा जपल्या’ म्हणून वर मिरवत होतो.

घड्याळाच्या दुकानातून सीआर २०३२ सेल आणून बसवला, तारीख लावली, बॅच फाइलमधलं ‘अपडेट’ काढून सरळ ‘सगळं भर’ केलं आणि त्याखाली तपासणीची एक ओळ वाढवली. लाल पेनच्या खुणा असलेली प्रुफं कचऱ्यात गेली नव्हती, म्हणून तीन दिवसांचं काम ऑपरेटरनं एका दिवसात परत केलं. तो दिवस मी त्याच्या शेजारी बसून चहा मागवत होतो, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

नवव्या प्रकरणाचा शेवटचा तिसरा हिस्सा कच्च्या प्रतीतून घेतला आणि छापील पुस्तकाशी ओळीला ओळ लावून पाहिला. प्रकरण तालुक्यातल्या विहिरी आणि बारवांवरचं. फरक किरकोळ होते, एक सोडून. छापील यादीत बावीस विहिरी आहेत, कच्च्यात तेवीस. तेविसावी गावातल्याच एका भाऊबंदकीतली, दोन चुलत्यांच्या वाड्यांमधली, आणि तिच्यावर गुरुजींनी चार ओळी लिहिल्या होत्या: पायऱ्या किती, दगड कुठला, पाणी कुणी कुणाला कधी बंद केलं. १९९८ साली त्यातलं एक घर पुस्तकाच्या वर्गणीदारांत होतं.

बाईंनी त्या चार ओळी दोनदा वाचल्या. मग ऑपरेटरला म्हणाल्या, “पायऱ्या आणि दगड घे. पाण्याचं राहू दे.” जराशानं पुन्हा त्याच्या खुर्चीमागं येऊन उभ्या राहिल्या. “नको. सगळंच घे.”